बिनचुलीचं घर

१

गावाचं नाव सांगत नाही. कुंडलपासून तीन मैलांवर आहे, एवढं पुरे. तिथल्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो आणि अजूनही आहे. सांगलीत शिकलो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि पुढं पेरू, तांब्या, उभं पुस्तक, आडवं पुस्तक असली चित्रं पोरांकडून काढून घेण्यात दिवस चालले. माझी तक्रार नव्हती. सकाळी शाळा, दुपारी खाणावळवाल्या रंगूबाईकडं जेवण, संध्याकाळी ओढ्यापर्यंत फेरी, परत रंगूबाई. घरी मी फक्त झोपायला जात असे.

माझी बायको चंद्रा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा आमची सुला चार वर्षांची होती. तेरावं झालं आणि चंद्राची आई, धोंडुबाई, तिला कडेवर घेऊन इस्लामपूरला गेली. एकट्या बाप्याला लेकरू सांभाळता येत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. मला कुणी विचारलं नाही. त्या दिवसानंतर आमची चूल पेटली नाही. मी राख काढली, चुलीवरून पोतेरं फिरवलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं. ते परत उघडायचं काही कारण पडलं नाही.

१९४१च्या फेब्रुवारीत हंबीरराव शाळेत आले. काखेत एक मोठी गुंडाळी होती. हंबीरराव म्हणजे गावातले मोठे ऊस बागायतदार. दोन वर्षं अमेरिकेत शेती शिकून आलेले. येताना त्यांनी तिकडून एक नांगर, एक हॅट आणि हे चित्र आणलं होतं. नांगर आमच्या काळ्या रानात चालला नाही, हॅट बघून बैल बुजले, तेव्हा आता चित्राची पाळी होती.

त्यांनी ते माझ्या टेबलावर पसरलं. अमेरिकेतल्या एका जुन्या गावाचा शिळाछाप देखावा, साल १८७६. गावाचं नाव वाळवीनं खाल्लं होतं, खाली फक्त ‘ओहायो’ एवढं उरलेलं. नदी, नदीत धुराची बोट, उंच टोकाचं देऊळ, आखून काढलेले रस्ते आणि शेकड्यांनी घरं. सगळं आभाळातून खाली बघितल्यासारखं. खिडकीन् खिडकी मोजता येत होती. प्रत्येक घराच्या धुराड्यातून धूर निघालेला, आणि सगळा धूर एकाच बाजूला कललेला.

“मास्तर, असलं चित्र आपल्या गावाचं पायजे,” हंबीरराव म्हणाले. “पंचायतीच्या नव्या खोलीत लावू. आखितीला.”

“हे काढणारा बसला कुठं होता?” मी विचारलं.

“कुटं न्हाई. ते गाव मी डोळ्यांनी बघितलंय. सपाट हाय. टेकडी न्हाई, मनोरा न्हाई. ही लोकं गल्लीगल्लीनं हिंडायची, एकेक घर उतरून घ्यायची, आन मग खोलीत बसून वरनं बघितल्यागत काढायची.”

“म्हणजे हे असं गाव कुणी पाहिलेलंच नाही?”

“कुनीच न्हाई,” म्हणून ते मोठ्यानं हसले.

मला काही हसू आलं नाही. पोरांना मी पहिल्या तासाला शिकवतो, की आधी बघणाऱ्याचा डोळा कुठं आहे ते ठरवा, मग रेघ मारा. इथं रेघा होत्या, आणि डोळ्याच्या जागी कुणीच नव्हतं. पण काम मला आवडलं. दोन वर्षांत कुणी मला काही नवं करायला सांगितलं नव्हतं.

२

हंबीररावांची अट एकच होती. “धूर सोडू नका. धुरामुळं तर कळतंय गाव जितं हाय.”

आमच्याकडं धुराडी नाहीत. चुलीचा धूर कौलांतून वाट काढतो. म्हणून मी नियम केला, की जेवढ्या चुली तेवढे धूर. घरोघर जायचं, घर उतरून घ्यायचं आणि विचारायचं, चुली किती?

या प्रश्नानं किती घरांत आग लावली, ते विचारू नका. एका वाड्यातल्या दोघा भावांनी वर्षापूर्वी चुली वेगळ्या केल्या होत्या. दोघांनाही धूर पाहिजे होता आणि आपला दुसऱ्याहून उंच पाहिजे होता. एका सासूबाईनं ठणकावून सांगितलं की घरात एकच चूल, आणि तिच्या पाठीमागून सुनेनं मला हळूच दोन बोटं दाखवली. माळावर खोपट घालून राहणारा धुळा धनगर, मूळचा आटपाडीकडचा, म्हणाला, “मास्तर, माजी तीन दगडाची हाय. पर चूल ती चूल. धूर काडा.” मी काढला.

चावडीच्या माडीवर मी कागद लावला होता. उन्हाळ्याची शाळा सकाळची; दुपारी जेवून मी तिथं बसे. दीड महिन्यात मला वरून बघायची सवय झाली. इतकी, की गल्लीतून चालताना मला माझ्याच टोपीचा शेंडा दिसे. असं कधी झालं की मी थांबून वर बघत असे. वर आभाळ असे, एखादी घार असे. मग मी स्वतःवरच चिडून पुढं जाई.

३

मार्चअखेर धोंडुबाईचं कार्ड आलं. तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. ‘सुला सहा वर्साची झाली. तुमची लेक हाय, न्हाई म्हणत न्हाई. जून म्हयन्यापासनं तिकडच्या साळंत घालायला न्या. पर बिनचुलीच्या घरात माजी नात मी धाडनार न्हाई. आधी चूल पेटवा.’

ते कार्ड मी चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा वाचायला लागलो तेव्हा अक्षरं दिसेनात. दोन वर्षांत सुलाला मी तीनदा भेटलो होतो. तिसऱ्या वेळी ती आजीच्या पदरामागं लपली होती. मला ती परत पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

रंगूबाईला मी विचारलं. जूनपासून माझ्या घरी येऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला ती कबूल झाली. “पोरगी येनार म्हनल्यावर येते की,” म्हणाली. “तुमच्या एकट्यासाठी आले नसते.”

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी हंबीरराव माडीवर चित्र बघायला आले. हात मागं बांधून त्यांनी कोपरान् कोपरा पाहिला. मग एका जागी थांबले. गावाच्या कडेला, चिंचेच्या अंगाला, एकटं घर.

“ह्ये एक बिनधुराचं राहिलं. कुनाचं?”

“माझं.”

ते जरा चपापले. मग म्हणाले, “आवं मास्तर, घाला की धूर. लोक काय म्हनतील? अवकळा दिसतीय.”

“चूल पेटत नाही तिथं.”

“जूनमदी पेटंल की. चित्र धा वर्सं लटकनार. म्हयन्याभरानं काय हुतंय?”

त्यांनी माझा हात धरला नव्हता. मलाच तो धूर पाहिजे होता. सुला आल्यावर तिला उचलून घेऊन दाखवायचं होतं, हे बघ आपलं घर. मी बारीक ब्रश घेतला, शाईत पाणी घातलं, कौलांवरून वर तीन वळणं काढली. बाकी सगळ्या गावातली एकही गोष्ट मी चौकशी केल्याशिवाय काढली नव्हती. एवढीच काढली.

४

चित्र लागलं. आठ दिवस लोक आपापली घरं शोधून त्यावर बोट ठेवत होते. मग काच आणून बसवावी लागली.

त्यानंतर एका सकाळी शाळेच्या वाटेवर धुळा भेटला. “मास्तर, कोन आलंय घरला?”

“कुणी नाही.”

“मग धूर कशाचा?”

“कुठला धूर?”

“दुपारचा निगतोय की कौलातनं. मी माळावर मेंढरं बसवतो तवा समोरच दिसतंय. चिंचंजवळचं, तुमचंच घर. चार दिस झालं बगतोय.”

मी म्हणालो, उन्हाची झळ असेल. फुफाटा उडत असेल. कुणीतरी शेतात पाचट पेटवलं असेल. तीन कारणं दिली, आणि देतानाच मला वाटलं, की एक पुरलं असतं.

धुळानं काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “धूर वळकतोय मला मास्तर. शेणीचा हाय.”

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी रंगूबाईच्या ताटावरून अर्धा उठलो. बाराचं ऊन होतं. वाटेत माणूस नव्हतं, कुत्रीसुद्धा ओट्याखाली शिरली होती. माझ्या घराला कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्या खिशात. आत गेलो. बाहेरच्या खोलीत माझी वळकटी, पेटी, खुंटीवरचा कोट, सगळं जागच्या जागी होतं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी ते दोन वर्षांनी ढकललं.

आढ्याला जाळी होती, मडक्यांवर धूळ होती. चुलीवर नव्हती. चूल नुकती सारवल्यासारखी दिसत होती. मी वाकून तिच्यावर तळवा ठेवला. ऊबदार लागली. मी वर पाहिलं, की एखादं कौल फुटून ऊन येतं का. कौल फुटलं नव्हतं. चुलीच्या पोटात पांढरी, मऊ, ताजी राख होती.

परसदाराची कडी आतून घातलेली होती. मी ती दोनदा पाहिली.

मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं “चंद्रा” म्हणालो, आणि मग लाजलो.

५

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी घराच्या पायरीवर जाऊन बसू लागलो. कुलूप काढायचं नाही, आत जायचं नाही, नुसतं बसायचं. पहिल्याच दिवशी आवाज आला. बाहेरची खोली आणि लोटलेलं दार ओलांडून येणारा, मंद, पण चुकायला जागा नव्हती. काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज. थप, थप, थप. थोडं थांबून परत थप, थप.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. रंगूबाईकडं, चावडीवर, शाळेत, सगळीकडं भोवती माणसं असत आणि मी एकटा असे. त्या पायरीवर, बंद दाराकडं पाठ करून, मी एकटा नव्हतो. दार उघडलं तर ते थांबेल या धास्तीनं मी जागचा हलत नसे. आठ दिवस मी असा बसलो. दुपारचं जेवण सोडलं. भूक लागायची, पण उठवत नसे.

“दुपारचं येत न्हाईसा मास्तर?” रंगूबाईनं विचारलं. “कोन करून घालतंय? आमाला न सांगता दुसरी आनली व्हय?” ओसरीवरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. मी नुसता हसलो. नाही म्हणायला पाहिजे होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी रंगूबाईकडं पाटावर बसलो होतो. ती आत भाकऱ्या थापत होती, मी रोजच्यासारखा ऐकत होतो, आणि हातातला तांब्या तसाच राहिला. तोच आवाज. दुपारी ऐकलेला, अगदी तोच. रंगूबाई वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. तिच्या हातात बांगडी नव्हती.

चंद्राच्या हातात होत्या. ती भाकरी थापायला लागली की प्रत्येक थापेमागं बांगड्या किणकिणत आणि मी ओट्यावरून ओरडत असे, की जरा हळू, पोरांच्या वह्या तपासतोय. ती सवाष्ण गेली. धोंडुबाईनं रडत रडत तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला होता आणि त्या चुड्यासकट आम्ही तिला नेलं होतं. ती परत आली असती तर बांगड्यांसकट आली असती. आठ दिवसांत मी एकदाही बांगडी ऐकली नव्हती.

दोन वर्षांत मी माझ्या बायकोचा आवाज विसरलो होतो. त्या रात्री मला आधी त्याचं रडू आलं. माझ्या घरात कोण आहे हा विचार त्याच्यानंतर आला.

६

सकाळी शाळेत मी पोरांना काय काढायला दिलं, आठवत नाही. दुपारी मी कुलूप आवाज न करता काढलं आणि चपला बाहेर ठेवून आत गेलो. थापण्याचा आवाज चालू होता. स्वयंपाकघराच्या दाराला चार बोटांची फट होती. मी भिंतीला चिकटून डोळा लावला.

आधी धूर दिसला. मग चुलीतला जाळ. मग काटवट आणि तीवर दोन हात. कोपरापर्यंत पीठ लागलेले, बारीक, कामाला सरावलेले हात. भाकरी फिरत होती, वाढत होती. पण थापणाऱ्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मान पार मागं टाकलेली होती. मला आडव्या अंगानं ताणलेला गळा दिसला. तोंड वर, कौलांकडं होतं. कौलांच्याही पलीकडं, उंच, आपल्याकडं कुणीतरी बघतंय हे माहीत असल्यासारखं, ते तिथं टक लावून बघत होतं. हात तेवढे खाली काम करत होते.

तोंड मी पाहिलं नाही. धुरात होतं. एवढं एक नशीब.

मी मागं सरलो आणि बाहेरच्या खोलीत, माझ्या वळकटीवर बसून राहिलो. पळालो का नाही, सांगता येत नाही. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. आणखी बऱ्याच वेळानं मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. परसदाराची कडी आतून घातलेली होती.

चुलीच्या कडेला तीन भाकऱ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. दोन मोठ्या आणि एक चानकी. परातीत उरलेल्या शेवटच्या गोळ्याची लेकरासाठी तळहाताएवढी भाकरी करतात ना, ती चानकी. तिच्यावर बोटांचे बारीक ठसे होते. घरात लेकरू नव्हतं. लेकरू यायला वीस दिवस होते.

७

मी सरळ पंचायतीच्या खोलीत गेलो, चित्रावरची काच काढली, आणि दाढीच्या पात्यानं तो धूर खरवडला. कागदाला लव आली, मग भोक पडलं. हंबीरराव संतापले. मी म्हणालो, शाई सांडली होती. दुसऱ्या दिवशी धुळाला विचारलं. “हाय की,” तो म्हणाला. “आज जरा जास्तीच हाय.”

मग मी धोंडुबाईला कार्ड लिहिलं, की चूल काही पेटत नाही, सुलाला यंदा पाठवू नका. कार्ड शुक्रवारी टाकलं. शनिवारी दुपारी घरी आलो तर चिंचेखाली बैलगाडी उभी होती.

धोंडुबाई पायरीवर बसून पदरानं वारा घेत होती. मला बघून उठली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ती हसत होती.

“जावयबापू, कळलं आमाला! बाजारात तुमच्या गावचा गाडीवान भेटला. म्हनला, मास्तरच्या घरातनं रोज धूर निगतोय. म्हनलं, आता जूनची वाट कशाला बगायची? आपनच पोरगी पोचती करावी.”

“सुला कुठाय?”

“गेली मागं. आत भाकरीचा आवाज येतोय म्हनली.”

मी परसात धावलो. सुला परसदाराजवळ उकिडवी बसली होती. उंबऱ्याजवळ दाराच्या फळीला उंदरानं कुरतडलेलं भोक होतं. तिथं तिचं तोंड होतं. माझी चाहूल लागली तशी ती उभी राहिली. पिवळा परकर, दोन वेण्या. आजीच्या पदरामागं ती लपली नाही. मला बघून तिला आनंद झाला होता, हे मी कधी विसरणार नाही.

“आबा, आत कोन हाय?” ती म्हणाली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

“हे कुणी दिलं?”

“आतनं दिलं.”

“खाल्लास?”

“न्हाई. लय गरम हाय.”

मी तो तुकडा तिच्या हातातून काढून उकिरड्यावर फेकला. तिचे डोळे भरले. दाराच्या आत, अगदी जवळ, कडीवर बोटं फिरल्याचा आवाज झाला. मी सुलाला उचलली आणि पुढं आलो. तिचा भार मला चांगला आठवतो.

“कोन हाय वो घरात?” धोंडुबाईनं विचारलं. “सैपाकाला ठेवलीय व्हय कुनी?”

खरं सांगितलं असतं तर ती घाबरली नसती. धोंडुबाई कशाला घाबरणारी बाई नव्हे. पदर खोचून ती आत शिरली असती, देवर्षी आणला असता, लिंबू-नारळ उतरले असते, आणि पोरगी इथंच राहिली असती. तिला इथून पुन्हा परत न येण्यासाठी घालवायचं होतं. त्याला एकच गोष्ट पुरेशी होती.

“मामी,” मी म्हणालो, “बाई ठेवलीय मी.”

“लगीन लावून?”

“नाही.”

“कवापासनं?”

“झाले दोन महिने.”

तिनं माझ्या हातातून सुलाला घेतलं. सुलाच्या हाताला भाकरीचं पीठ लागलं होतं, ते पदरानं घासून घासून पुसलं. “माजी चंद्रा गेली ती सुटली,” एवढंच म्हणाली. गाडी वळेपर्यंत सुला माझ्याकडं बघत होती. मी हात वर केला नाही. केला असता तर ती उतरून आली असती.

आत थापणं थांबलेलं होतं. कुणीतरी ऐकत होतं.

८

त्या दिवशी मी आत गेलो, पाट घेतला, चुलीपुढं बसलो आणि एक भाकरी खाल्ली. मग ती चानकी खाल्ली. कोरडीच, पाण्याच्या घोटाबरोबर. माझा हिशेब साधा होता. ती कुणीतरी खाल्ली पाहिजे. लेकरू जेवतंय असं त्याला वाटलं पाहिजे. मग ते लेकरू शोधायला बाहेर पडणार नाही. तिसरी भाकरी मी तशीच ठेवली. संध्याकाळी ती नव्हती.

याला आठ वर्षं झाली. गावानं मला काही दिवस वाळीत टाकल्यासारखं केलं, मग सवय झाली. कुणी माझ्या घरी येत नाही. हंबीररावांनी नोकरी जाऊ दिली नाही, पण माझ्याशी बोलताना ते दुसरीकडं बघतात. मी गाव सोडलं नाही. दुपारी एक दिवसही बाहेर राहिलो नाही. चव विचाराल तर भाकरी चांगली असते. रंगूबाईपेक्षा चांगली असते, हे सांगायलाही मला शरम वाटते.

सुलाची खबर धुळा आणतो. लोकर विकायला तो इस्लामपूरला जातो. पोरगी पाचवीत गेली. सातवी पास झाली. उंच झालीय. तुमच्यावर गेलीय नाकानं. ‘बाप कसा हाय’ असं तिनं एकदा विचारलं होतं, आजी आत गेल्यावर. धुळा म्हणाला, बरा हाय. ते ऐकल्यावर मी चार दिवस झोपलो नाही.

परवा सोमवारी दुपारी आत गेलो तर चानकी नव्हती. तीन भाकऱ्या होत्या, तिन्ही मोठ्या, एका मापाच्या. मी बराच वेळ बघत राहिलो. सुला या चैत्रात चौदा पुरी झाली. त्या वयाची मुलगी चानकी खात नाही.

आठ वर्षं मी कुणाला फसवत होतो?

पहिली भाकरी खाल्ली. दुसरी अर्धी गेली आणि पुढं जाईना. मी उरलेली अर्धी चुलीच्या कडेला ठेवली, म्हटलं संध्याकाळी खाऊ. शाळेच्या परीक्षेचे कागद होते, ते घेऊन चावडीवर गेलो. परत आलो तेव्हा अर्धी नव्हती आणि परसदार सताड उघडं होतं. कडी आतून काढलेली होती.

काल दुपारी मी पायरीवर बसलो. आवाज आला नाही. चूल गार होती.

कालच्या कालच मी कार्ड लिहिलं. काय लिहिणार? धोंडुबाईला माहीत आहे तेवढंच लिहिता येत होतं. ‘माझ्या घरात होती ती बाई निघून गेली. तुमच्या दारात आली तर आत घेऊ नका. सुलाला तिच्या हातचं काही खाऊ देऊ नका.’ आज सकाळी शाळेच्या गड्याकडून कुंडलच्या पेटीत टाकायला पाठवलं आणि त्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. टाकलेली, उन्हातून चालत आलेली, हातात बांगडी नसलेली बाई दारात उभी राहिली, तर तिला पाणी न देता परत लावणारी धोंडुबाई नव्हे. माझ्यासारख्यानं टाकलेली असेल तर मुळीच नव्हे. ती तिला आत बोलावील, चुलीजवळ बसवील आणि सुलाला म्हणेल, मावशीपाशी बस.

मी टोपी घातली आहे. इस्लामपूरला पोचायला दिवस मावळेल.